क्लचताई आणि टाकीचा चढ

क्लचताई हे नाव तिला तिच्याच शिकाऊंनी दिलं. दिवसभर तिच्या तोंडात तो एकच शब्द असायचा. "क्लच. क्लच दाबा. आता हळू सोडा. क्लच म्हणाले मी, ब्रेक नाही." गाडी शिकून गेलेली माणसं बाजारात भेटली की लांबूनच डावा पाय उचलून दाखवायची आणि ती हसून हात करायची. पुढे पुढे भाजीवाला आणि पोस्टमनही तिला त्याच नावाने ओळखू लागले, आणि नवराही एखाद्या दिवशी रंगात आला की, "क्लचताई, जेवायला वाढता का?" असं म्हणायला लागला.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला सायकलसुद्धा धड येत नव्हती. दारात एक छोटी पांढरी गाडी उभी असायची आणि तिच्या टपावर शिकाऊंचा लाल फलक. गाडी सासऱ्यांची. सगळे त्यांना अप्पा म्हणत. उभा जन्म त्यांनी एका कारखानदाराची गाडी चालवली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःची घेऊन ड्रायव्हिंग स्कूल काढलं. स्कूल म्हणजे ही एक गाडी, घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, भिंतीवर रस्त्यांच्या खुणांचा तक्ता आणि अप्पांचा खणखणीत आवाज. मुलाला शिकवायचा त्यांनी प्रयत्न केला होता, पण पहिल्याच चौकात मुलाला दरदरून घाम फुटला. तो गाडी तिथेच सोडून चालत घरी आला आणि औषधांच्या दुकानात नोकरीला लागला. मग अप्पांनी सुनेला शिकवलं. तिला घाम फुटला नाही. उलट तिसऱ्या गिअरला गाडी सुटली की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते बघून अप्पा सासूबाईंना म्हणायचे, "ही आपल्या घराण्यातलीच."

पुढे अप्पांची नजर अधू झाली. ऑपरेशन झालं, चष्मा बदलला, पण संध्याकाळचं दिसेना ते दिसेनाच. घरात बोलणं सुरू झालं की गाडी विकावी आणि टेबल आत घ्यावं. क्लचताई, म्हणजे तेव्हा ती अजून क्लचताई झालेली नव्हती, ताटं उचलता उचलता म्हणाली, "मी चालवते स्कूल." कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिकाऊच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. अप्पांच्या वेळी त्या बाजूला फक्त ब्रेकचा जादा पेडल होता. तिने पहिल्या कमाईतून तिथे क्लचचाही पेडल बसवून घेतला, कारण नवशिक्याच्या हातून गाडी आचके देत बंद पडते ती क्लचमुळेच, असं तिचं ठाम मत होतं. बाई शिकवते म्हटल्यावर बायका यायला लागल्या. सुना आल्या, नर्स आल्या, निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. स्कूल चाललं.

गाडी मात्र म्हातारी होत गेली. शिकाऊ गाडीचं आयुष्य वाईटच असतं. पहिला आणि दुसरा गिअर, दर पन्नास पावलांवर ब्रेक, कधी मोकळा रस्ता नाही, कधी मनासारखी धाव नाही. तिचा पिकअप गेला, पण सपाट गावात ते कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. लायसन्सची परीक्षाही मंडईमागच्या सपाट मैदानावर व्हायची. आठचा आकडा काढायचा, मागे घ्यायची, झालं.

मग परवाना कार्यालय गावाबाहेर टेकडीच्या कुशीत गेलं. नवी इमारत, नवं मैदान, आणि मैदानाच्या टोकाला काँक्रीटचा एक चढ. नियम असा की चढावर मध्येच गाडी थांबवायची आणि मागे न घसरू देता पुन्हा उचलायची. निरीक्षक शेजारी बसणार.

पहिल्या महिन्यातच क्लचताईची माणसं धडाधड नापास व्हायला लागली. गाडी चढावर थांबायची, पुन्हा उचलताना गुरगुरायची, थरथरायची आणि बंद पडायची. नाहीतर मागे घसरायची. सगळ्यांत जास्त हाल झाले शिंपीणबाईंचे. शाळांचे गणवेश शिवून त्या दुकानांना पोचवत. पोचवायचं काम त्यांचे यजमान व्हॅनने करायचे, पण त्यांचा पाय मोडला आणि तो जुळला तरी पूर्वीसारखा वाकेना. व्हॅन दारात धूळ खात उभी. शिंपीणबाईंनी वयाची पन्नाशी उलटल्यावर शिकायला सुरुवात केली होती आणि हात इतका छान बसला होता की आरशात बघून मागे घेताना गाडी जणू टाचणीच्या रेषेवर चालायची. तरी चढावर दोनदा नापास झाल्या.

दुसऱ्या वेळी नापास होऊन दोघी परत निघाल्या. घराशी आल्यावर म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. चौकातल्या त्या नव्या स्कूलमध्ये नव्या गाड्या आहेत म्हणे. मी तिकडून परीक्षा देऊ का?"

क्लचताईला ते लागलं. पण खोटं काय होतं त्यात? ती म्हणाली, "पुढच्या तारखेपर्यंत थांबा. तोवर मी गाडी चढवून दाखवते. नाही चढली तर मीच तुम्हाला तिथे नेऊन बसवीन."

म्हणून तर बसली, आणि घरी येऊन बॉनेट उघडून उभी राहिली. गाडी चालवायला तिला येत होती, पण बॉनेटखालचं जग तिला परकं होतं. तेल बघावं, पाणी बघावं, बाकी मेस्त्री बघतो, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

मेस्त्री जुने. गॅरेज रस्त्याच्या वळणावर, दोन गाड्या आत मावतील एवढं. त्यांनी गाडी एक चक्कर मारून आणली, बॉनेटखाली हात घालून रेस देऊन ऐकली आणि हात पुसत म्हणाले, "ताई, खोटं सांगत नाही. इंजिन दमलंय. खोलावं लागेल. रिंगा, व्हॉल्व्ह, सगळं. खर्च मोठा आहे, आणि गाडी निदान तीन आठवडे इथे."

गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये म्हणजे स्कूल तीन आठवडे बंद. आणि तो खर्च काढायचा म्हणजे कर्ज. घराचं जुनं कर्ज नुकतं कुठे फिटलं होतं. नव्या गाडीचा तर विचारही नको.

"मेस्त्री, इंजिन न खोलता काय काय करता येतं?" तिने विचारलं.

"बारीकसारीक पुष्कळ आहे. पण त्याने तरुण होणार नाही ती."

"तरुण नको. चढली तरी पुरे. तुम्ही मला बारीकसारीक सांगा. आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं, मग बाकीचं. आणि एका वेळी एकच करायचं. सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते मला कसं कळणार?"

मेस्त्री जरा चिडले. एकच एक काम घेऊन रोज येणारं गिऱ्हाईक कुणाला आवडतं? पण शिकाऊ गाडीचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं, आणि बाई उधार ठेवणारी नव्हती. "या," ते म्हणाले. "पण सकाळी लवकर. दुकान भरल्यावर नाही."

गावातच एक चढ होता, पाण्याच्या टाकीकडे जाणारा. परीक्षेच्या चढाएवढाच उभा, पण लांब. पायथ्याशी विजेचा खांब, मग लाँड्री, मग एका बंगल्याचं निळं फाटक आणि माथ्यावर टाकी. क्लचताईने ठरवलं की तेच आपलं माप. पायथ्याशी गाडी पूर्ण थांबवायची, उचलायची, दुसरा गिअर टाकायचा, अॅक्सिलरेटर तळाला टेकवायचा आणि बघायचं, कुठे जीव सोडते. परीक्षेला दोन माणसं बसतात म्हणून शेजारी कुणीतरी हवं. शिंपीणबाई म्हणाल्या, "मी येते. माझं वजन पहिल्यांदाच कुणाच्या कामी येतंय."

पहिल्या दिवशी गाडीने खांबालाच मान टाकली. लाँड्रीवाला इस्त्री हातात धरून बघत राहिला.

फुकटातली कामं आधी. तिने डिकी रिकामी केली. रिव्हर्सच्या सरावाचे सिमेंटच्या बुडाचे खांब, दोन जॅक, जुनी बॅटरी, अप्पांच्या काळातली हत्यारांची लोखंडी पेटी, एक पाटा होईल एवढा दगड. तो दगड कशासाठी होता हे कुणालाच सांगता येईना. अप्पा म्हणाले, "असू दे, चाकाला लावायला लागतो." ती म्हणाली, "अप्पा, हा लावला तर चाक काय, घर हलणार नाही." दगड अंगणात तुळशीपाशी, कुंड्यांच्या ओळीत, गेला. मग तिने टायरांची हवा तपासली. चारांपैकी तीन मऊ होते. मग एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहिलं. मागचं एक चाक फिरेचना, ब्रेक आतून घासत होता. म्हणजे इतके दिवस गाडी एक पाय ओढत चालत होती. मेस्त्रींनी तो मोकळा करून दिला.

लाँड्रीपर्यंत गेली. अगदी लाँड्रीच्या दारापर्यंत नाही, पण पाटीची अक्षरं वाचता येतील इतकी.

मग स्वस्तातलं. एअर फिल्टर उघडला तर आत उंदराने घर केल्यासारखी धूळ. ट्रकांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीने दुसरं काय ओढायचं? प्लग काढले तर काजळीने काळेठिक्कर. मेस्त्रींनी तिला ते हातात धरून दाखवले. "हे बघा. गाडी जोरात पळाली की प्लग आपोआप जळून साफ होतात. तुमची कधी पळतच नाही." नवे प्लग बसले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर उघडून त्याच्या बारीक भोकांत हवा मारली. तिने प्रत्येक वेळी विचारलं, हे कशासाठी, ते कुठे जातं. सुरुवातीला मेस्त्री एका शब्दात उत्तर द्यायचे. मग त्यांचं त्यांनाच बोलावंसं वाटायला लागलं. "इंजिनाला तीनच गोष्टी लागतात, ताई. हवा, पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी. चौथी म्हणजे धूर बाहेर जायला वाट. माणसासारखंच. नीट श्वास घेता आला पाहिजे आणि नीट सोडता आला पाहिजे."

एकेका कामानंतर ती आणि शिंपीणबाई टाकीच्या चढावर. लाँड्री गेली मागे. लाँड्रीवाला आता इस्त्री ठेवून बाहेर येऊन उभा राहायला लागला होता.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. नवऱ्याच्या दुकानाशेजारी गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तिथल्या माणसाने त्याच्या गळ्यात एक बाटली मारली, म्हणाला, पेट्रोलमध्ये ओता आणि इंजिन नवंकोरं. नवरा कौतुकाने घेऊन आला. बायकोच्या धडपडीत आपलाही हात असावा असं त्याला वाटत होतं. तिने ओतली. गाडी होती तिथेच, खर्च तेवढा झाला. "मी दुकानात खोकल्याचं औषध विकतो तेव्हा लोक असंच विश्वासाने घेतात," नवरा पडल्या चेहऱ्याने म्हणाला. ती म्हणाली, "त्यातल्या एखाद्याचा खोकला तरी थांबतो." दोघंही हसली, पण ते पैसे तिच्या मनाला लागून राहिले.

दुसरी चूक तिची स्वतःची. ठिणगी जरा लवकर पडली तर जोर वाढतो, हे तिने मेस्त्रींकडून ऐकलं आणि हट्ट धरला की अजून थोडी लवकर करा. मेस्त्री नको म्हणत होते. तिने ऐकलं नाही. चढावर इंजिनातून डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज यायला लागला. शिंपीणबाईंनी दाराची कडी घट्ट धरली. क्लचताईने तिथेच गाडी थांबवली, वळवली आणि उताराने न्यूट्रलवर परत गॅरेजात आणली.

"असंच चालवलं असतंत तर पिस्टनला भोक," मेस्त्री म्हणाले.

"माझं चुकलं. परत मागे घ्या," ती म्हणाली. मेस्त्रींनी पुढची दोन वाक्यं गिळली. असं सरळ कबूल करणारं माणूस त्यांच्या गॅरेजात क्वचितच यायचं.

परीक्षेची तारीख जवळ येत चालली होती आणि निळं फाटक अजून लांबच. मधल्या काळात शिकवणीही चालूच होती. सकाळी गॅरेज, मग शिकाऊ, दुपारी घर, पुन्हा शिकाऊ. तिच्या नखांतलं काळं जाईना. पोळ्या लाटताना ती हात पुन्हा पुन्हा धुवायची आणि सासूबाई म्हणायच्या, "राहू दे, मी लाटते." एकदा रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "सूनबाई, पुरे झालं आता. गाडीचंही वय असतं. दोन-चार नापास झाले म्हणून आभाळ कोसळत नाही."

"आभाळ नाही, स्कूल कोसळेल," ती म्हणाली. "तुम्हीच उभं केलेलं."

मग आला सायलेन्सर. धूर बाहेर जायला वाट, मेस्त्रींची चौथी गोष्ट. त्यांनी तो काढून उभा आपटला तर आतून ओंजळभर कोळसा पडला, आणि मधली जाळी तर तुटून वाटेतच आडवी बसलेली. वर्षानुवर्षं रांगून साठलेली काजळी. मेस्त्रींनी दुसऱ्या एका गाडीचा चांगल्या स्थितीतला सायलेन्सर वेल्डिंग करून बसवला आणि टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचं, माप ठीक केलं. त्या दिवशी गाडी सुरू झाली तेव्हा तिचा आवाजच वेगळा होता. चढावर निळं फाटक आलं, आणि फाटकापाशी जाऊन थांबली. शिंपीणबाईंनी टाळी वाजवायला हात उचलले होते, पण क्लचताईचा चेहरा बघून परत मांडीवर ठेवले.

"इथवर आली की हो," त्या म्हणाल्या.

"टाकीपर्यंत यायला हवी. फाटकाशी दम तुटतोय, म्हणजे परीक्षेच्या चढावर मध्येच थांबवल्यावर जेमतेम उचलेल. तुमचा पाय जरा थरथरला की संपलं. मला जेमतेम नको."

मेस्त्री आता खरोखर विचारात पडले. त्यांनी तिन्ही सिलिंडरचा दाब मोजला. दोन चांगले, तिसरा थोडा कमी, पण इतकाही कमी नाही. "एवढ्या दाबावर हिने टाकी पार करायला हवी," ते म्हणाले. त्यांनी बॉनेटखाली हात घालून, पेडलची तार जिथे जोडलेली असते ती कार्ब्युरेटरची कळ ओढली. इंजिन असं गरजलं की शेजारच्या दुकानदाराने मान बाहेर काढली. "ऐका. दमलेल्या इंजिनाचा आवाज आहे हा?"

क्लचताई ऐकत उभी होती. तिच्या मनात एक वेडगळ प्रश्न आला. हा आवाज तिने गाडीत बसून कधीच ऐकला नव्हता. एकदाही नाही.

"मेस्त्री, तुम्ही आत बसा. पेडल पूर्ण दाबा. मी इथून बघते."

मेस्त्री बसले, पाय दाबला. "तळाला टेकला," ते ओरडले. ती वाकून कळीकडे बघत होती. कळ फिरली, फिरली, आणि मध्येच थांबली. तिने बोटाने पुढे ढकलली तर सहज पुढे गेली आणि इंजिन पुन्हा गरजलं.

"टेकला कुठे? इथे अजून तिसरा हिस्सा बाकी आहे."

मेस्त्रींना वाटलं तार सैल झाली असेल. तार व्यवस्थित होती. मग दोघांनी मिळून पायापाशी असलेली रबराची चटई काढली. तिच्याखाली जुनं जाड कापड होतं, फरशीला चिकटून बसलेलं. ते खरवडून उचललं आणि पेडलच्या बरोबर खाली एक लाकडी ठोकळा निघाला. काडेपेटीएवढा, दोन स्क्रूंनी पक्का बसवलेला आणि वर्षानुवर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेला.

"हा इथे कुणी ठोकला?" मेस्त्री म्हणाले. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. "मी नेहमी हातानेच रेस देतो. पेडलखाली बघायचं डोक्यात आलं नाही."

"माझ्या तरी कुठे आलं?" ती म्हणाली. खरं तेच होतं. ती याच गाडीवर शिकली. तिच्या पायाला जो तळ लागत होता, तोच तिला तळ वाटत होता.

स्क्रूंच्या खाचांमध्ये मेण भरलेलं होतं. गंज चढू नये म्हणून असं मेण तिने एकाच माणसाला भरताना पाहिलं होतं. घरातल्या खुर्च्या, कडीकोयंडे, पंख्याची पट्टी, सगळीकडे ते मेण होतं. तिने ठोकळा काढून घेतला आणि घरी गेली.

अप्पा पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते. तिने ठोकळा टेबलावर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, अंगठ्याने चाचपला. डोळ्यांनी बघायची गरजच पडली नाही.

"तुम्हीच बसवला होता ना?"

"हो."

"मग मी महिनाभर गाडीखाली लोळत होते, तेव्हा बोलला का नाहीत?"

अप्पांनी ठोकळा मुठीत धरला. मग म्हणाले, "विसरलो होतो. देवाशपथ विसरलो होतो. मागच्या आठवड्यात तू म्हणालीस फाटकापाशी अडते, तेव्हा आठवलं."

"आठवलं, तरी सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं." त्यांनी ठोकळा उलटा केला. "स्कूल काढलं त्या वर्षीची गोष्ट. एक कारकून शिकायला यायचा. बाजारात त्याने ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला. गाडी तेव्हा नवी, पाय लागला की उधळायची. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, पण इंजिनाचा जोर जास्त. कुंभाराच्या मांडलेल्या मडक्यांतून गेलो थेट. कुंभार बाजूला उडी मारून वाचला. त्याची बायको आत बसली होती, एवढ्याशा अंतरावर." त्यांनी हाताने अंतर दाखवलं. "त्या दिवशी घरी आलो आणि हा बसवला. म्हटलं, माझ्या गाडीत पुन्हा कुणाचा पाय पूर्ण खाली जाणार नाही. आता तू काढशील, आणि तुझ्या शेजारी असाच कुणीतरी बसेल. म्हणून बोललो नाही."

क्लचताईला राग आला होता. महिनाभराचा घाम, ती बाटली, शिंपीणबाईंचा तो प्रश्न, सगळं एकदम वर आलं. पण समोर बसलेल्या माणसाला आजही ती मडकी दिसत होती हे तिला कळत होतं.

ती शेजारची खुर्ची ओढून बसली. "अप्पा, तुमच्या बाजूला तेव्हा फक्त ब्रेक होता. माझ्या बाजूला क्लच पण आहे. कुणी कितीही दाबू दे, मी क्लच दाबला की इंजिन नुसतं बोंबलेल, चाकाला जोर मिळणार नाही. चला, दाखवते."

"आता?"

"आता."

गल्लीच्या मागच्या मोकळ्या पटांगणात तिने त्यांना गाडीने नेलं. तिथे शिकाऊच्या सीटवर बसवलं, ज्या सीटवर त्यांनी कित्येक वर्षांत बूड टेकलं नव्हतं. "पहिला गिअर टाका. सोडा क्लच. चालू द्या. आता अॅक्सिलरेटर दाबा, तळापर्यंत."

"तळापर्यंत?"

"तळापर्यंत, अप्पा."

त्यांनी दाबला. गाडीने झेप घेतली आणि त्याच क्षणी तिचा पाय खाली गेला. इंजिन केकाटलं, गाडी मात्र सुटल्यासारखी सैल झाली आणि ब्रेकवर शांत उभी राहिली. अप्पांनी हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

"पुन्हा एकदा," ते म्हणाले.

पुन्हा केलं. मग त्यांनीच तिसऱ्यांदा, न सांगता, अचानक दाबून पाहिलं. तिचा पाय त्यांच्याआधी पोचला होता. अप्पांनी मान हलवली. "ठीक आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र आजवर कुणाला मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीणबाई वजन म्हणून शेजारी बसल्या. खांब गेला, लाँड्री गेली. लाँड्रीवाल्याने हात वर केला तो तसाच राहिला. निळं फाटक मागे पडलं आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्येच, धापा न टाकता, टाकीपाशी जाऊन उभी राहिली. वरून सगळं गाव दिसत होतं. शिंपीणबाईंना आपली व्हॅन कुठे उभी आहे ते शोधायचं होतं, पण क्लचताईने त्यांना उतरूच दिलं नाही. "सीट बदला. आता तुम्ही. खाली जायचं, मध्येच थांबायचं, पुन्हा वर. तारखेला तीनच दिवस राहिलेत."

त्या तीन दिवसांत तिने त्यांच्याकडून चढावर इतक्यांदा गाडी थांबवून उचलून घेतली की शिंपीणबाई म्हणाल्या, झोपेतही माझा पाय हलतो, यजमान पलीकडच्या खोलीत झोपायला गेलेत.

परीक्षेच्या दिवशी क्लचताईची तीन माणसं होती. निरीक्षक तोच, तोंड उघडायचे पैसे पडतात असा माणूस. आधी एक तरुण शिक्षक बसला. चढाच्या मध्यावर थांबला, घाबरला, तिसरा गिअर टाकला आणि गाडी बंद पाडली. यात गाडीचा काही दोष नव्हता आणि त्यालाही ते माहीत होतं. मग शिंपीणबाई. त्या थांबल्या. हँडब्रेक, हाफ क्लच, पाय खाली, आणि गाडी बोटभरही मागे न सरकता वर निघाली. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या क्लचताईचा डावा पाय जमिनीवर आपोआप दाबला गेला होता. तिसरी एक नर्स, तीही पास झाली.

निरीक्षक कागदावर सही करताना म्हणाला, "इंजिन बदललंत वाटतं."

"नाही, साफ केलं," ती म्हणाली. "आणि पेडल मोकळा केला."

त्याला दुसरं वाक्य कळलं नाही, पण त्याने विचारलं नाही.

शिंपीणबाईंनी त्या आठवड्यात व्हॅन धुवून काढली आणि यजमानांना शेजारी बसवून गणवेशाचे गठ्ठे पोचवायला निघाल्या. यजमान सारखे सूचना करत होते आणि त्या ऐकत नव्हत्या, असं लाँड्रीवाल्याने सांगितलं. तरुण शिक्षक पुन्हा शिकवणीला आला. त्याला क्लचताईने टाकीच्या चढावरच धडे सुरू केले.

मेस्त्रींनी मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. तिसऱ्या सिलिंडरचा दाब कमी आहे. दोन वर्षं जाईल, पण एक दिवस इंजिन खोलावंच लागेल. तिने ते मनावर घेतलं. दर आठवड्याला एका शिकाऊची फी ती बाजूला टाकायला लागली. शनिवारी शिकवणी नसायची. तेव्हा ती गॅरेजात जाऊन, बाह्या सारून, मेस्त्री दुसऱ्या कुणाच्या गाडीचं इंजिन खोलत असले की शेजारी उभी राहायची आणि विचारायची, "हे कशासाठी?" मेस्त्री हातातला पाना न थांबवता सांगायचे. आपल्या गाडीचं इंजिन उघडेल तेव्हा एकेक भाग आपल्याला नावानिशी माहीत असायला हवा, असं तिने ठरवून टाकलं होतं.